आठ आणे भरलेली बॅटरी

लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून आमच्या घरात सकाळचा पहिला चहा हे करत आले. हे म्हणजे आमचे हे. नाव मी घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि तो उखाणाही आता धड आठवत नाही. हायवेला ह्यांचं बॅटरीचं दुकान होतं. ट्रकवाले पहाटेच दारात येऊन उभे राहायचे, त्यामुळे ह्यांना लवकर उठायची सवय. मी इथेच धुळ्यात, देवपुरात प्राथमिक शाळेत शिकवायचे, आणि सकाळी उठायचं म्हटलं की माझ्या जिवावर यायचं. मग हे चहा करायचे, कपाचा कान उजव्या हाताच्या चिमटीत धरून खाटेपर्यंत आणायचे आणि मी घेईपर्यंत तसेच उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत. एकतीस वर्षं हेच चाललं.

दीड वर्षापूर्वी संक्रांत झाली आणि चार दिवसांनी ह्यांना अर्धांगाचा झटका आला. देवाची कृपा, सौम्य होता. बोलणं आठवड्यात परत आलं, पाय महिन्यात आला, पण उजवा हात मागे राहिला. त्यातही अंगठा. बाकीची चार बोटं कशीबशी मिटायची, अंगठा मात्र लाकडासारखा बाजूला. दवाखान्यातून घरी आल्यावर तिसऱ्याच दिवशी हे हट्टाने चहा करायला उठले. कप ओट्यावरून उचलला, दोन पावलं चालले आणि तो खाली पडला. फरशीवर चहा पसरलेला, आणि हे त्या चहाकडे बघत उभे. मी पोछा घेऊन आले. त्या दिवसापासून चहा मी करायला लागले, आणि हे स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात.

फिजिओथेरपीवाल्या बाई घरी यायच्या. चांगली होती पोरगी, स्पष्ट बोलायची. म्हणाली, काकू, पहिल्या सहा-आठ महिन्यांत अंगठा जेवढा वापरला जाईल तेवढा परत येईल, नंतर फार कठीण. एक स्पंजाचा चेंडू दिला, दिवसातून शंभर वेळा दाबायला. ह्यांनी तो दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीत ठेवून दिला.

"मी काय पोऱ्या शे का, चेंडू दाबाले?" म्हणाले.

मी समजावलं, रागावले, रडलेसुद्धा. मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण ह्या माणसाला चिडवताही येत नाही, भांडताही येत नाही, तो नुसता ऐकून घेतो. मला काय हवं होतं ते मला अगदी स्पष्ट माहीत होतं. अंगठा पूर्ण बरा व्हावा वगैरे नंतरचं. मला त्यांच्या हातचा चहा हवा होता.

दुकान विकायचं ठरलं. सामान आवरायला मीच गेले. मागच्या फळीवर, बॅटरीच्या जुन्या प्लेटा आणि डिस्टिल वॉटरच्या रिकाम्या कॅनमागे एक खोकं निघालं. आत एक रिमोटवालं हेलिकॉप्टर, लाल रंगाचं, माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत येईल एवढं लांब. कुणी गिऱ्हाईक कधीतरी बॅटरी बदलून द्या म्हणून ठेवून गेलं होतं आणि परत आलंच नव्हतं. मी ते घरी आणलं. का आणलं ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. रिमोटवर दोन दांड्या होत्या, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, आणि दोन्ही अंगठ्यानेच चालवायच्या होत्या. एवढंच बघितलं होतं.

मी खोकं ह्यांच्यासमोर ठेवलं आणि भाजी निवडायला बसले. काही बोलले नाही. चुकून जरी "व्यायाम" म्हटलं असतं तरी ते चेंडूशेजारी खिडकीत गेलं असतं. दहा मिनिटांनी बघते तर ह्यांनी डाव्या हाताने पोटाखालचं झाकण काढलेलं, आणि आतली चपटी, चांदीच्या कागदात गुंडाळल्यासारखी बॅटरी तळहातावर ठेवलेली.

"हाई बॅटरी शे का चॉकलेट?"

मग मला व्होल्ट मोजायचा मीटर आणायला लावला. मीटर म्हणजे ह्यांचा दुसरा जीव, दुकान विकलं तरी तो घरी आणला होता. बॅटरी मेलेली निघाली. पण वर छापलेलं वाचून हे चक्रावले. एकाच सेलचे पावणेचार व्होल्ट! ह्यांच्या ट्रकच्या बॅटरीत एक सेल दोन व्होल्टचा, सहा सेल जोडा तेव्हा बारा होतात. "एका सेलमा पावणेचार? शक्यच नही," असं तीनदा म्हणाले. दोन महिन्यांत ह्या माणसाने एवढी वाक्यं सलग बोललेली मी ऐकली नव्हती. मी पालक हातात धरून तशीच बसून राहिले.

नवी बॅटरी मागवायची तर काय बघायचं, यावर आमचं दोन दिवस चाललं. मोबाईलवर शोधायचं काम माझं, निर्णय ह्यांचा. व्होल्ट तेवढेच पाहिजेत, हे ह्यांना सांगावं लागलं नाही. पिन तशीच पाहिजे, हे मला कळत होतं. राहिली ताकद. एकाच पिनच्या बॅटऱ्या लहान-मोठ्या ताकदीच्या होत्या. हे म्हणाले, सगळ्यात मोठी घे. आयुष्यभर ट्रॅक्टरवाल्यांना हेच सांगत आलेला माणूस, मोठी घे, थंडीत दगा देणार नाही. मी मोठी मागवली. ती झाकणात मावेना, म्हणून रबरबँडने पोटाला बांधली. पंखा जोरात फिरायला लागला, आम्ही दोघं श्वास रोखून बसलो, आणि ते हेलिकॉप्टर बेडकासारखं टुणकन उडून सोफ्याखाली गेलं. पुन्हा उडवलं, पुन्हा तेच. वर जाईचना.

हे विचारात पडले. मग उठून माझा मसाला तोलायचा काटा घेऊन आले. जुनी बॅटरी तोलली, नवी तोलली. नवी दुपटीहून जड.

"ट्रकले बॅटरीनं वजन समजत नही," म्हणाले. "याले समजस."

मग मूळ होती तेवढ्याच ताकदीच्या तीन मागवल्या. एक संपली की दुसरी. आल्या त्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये हेलिकॉप्टर पंख्याच्या उंचीपर्यंत गेलं. "उडनं! ऐकस का वं, उडनं!" मी दोन हात लांबच उभी होते, तरी हे ओरडले.

पण उडणं म्हणजे वर जाणं, आणि वर न्यायची दांडी डाव्या अंगठ्याची. पुढे न्यायचं, वळवायचं, तर उजवा अंगठा पाहिजे. वर गेलेलं हेलिकॉप्टर जागच्या जागी गरगर फिरायचं, मग भिंतीकडे सरकायचं, आणि हे हताश. पहिल्या दिवशी ह्यांनी उजव्या हाताचा अंगठा डाव्या हाताने उचलून दांडीवर ठेवला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्या आठवड्यात अंगठा आपला आपण दांडीपर्यंत जाऊ लागला. मग आम्ही गच्चीवर गेलो. सकाळी लवकर, वारा सुटायच्या आत. धुळ्याचा वारा तुम्हाला माहीत नसेल, तो सुटला की वाळत घातलेल्या चादरी शेजारच्या गल्लीत सापडतात. हेलिकॉप्टरने माझी दोरीवरची कॉटनची साडी फाडली, शेजाऱ्यांच्या टाकीला टक्कर दिली, तुळशीत तोंड खुपसलं. मी आरडाओरडा करायची आणि मनातून खूष असायची. फिजिओवाल्या बाईंनी अंगठा तपासला आणि विचारलं, काका, चेंडू किती वेळा दाबता? हे माझ्याकडे बघून हसले. झटका आल्यावर पहिल्यांदा हसले. मला त्या क्षणी ह्यांच्या गालाला हात लावावासा वाटला, पण बाई समोर होत्या.

मग आला मे महिना.

इथे ह्यांच्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला पाहिजे. ट्रकची बॅटरी रिकामी ठेवली की तिच्या प्लेटांवर पांढरा थर धरतो आणि ती कायमची जाते. म्हणून ह्यांचा एकच मंत्र: "बॅटरीले भुकी ठेवानं नही." गाडी उभी असली तरी आठ दिवसांनी बॅटरी चार्जिंगला लावा, भरून ठेवा. तीस वर्षं ह्यांनी ट्रकवाल्यांना हे सांगितलं, न ऐकणाऱ्यांना झापलं. आणि प्रेमाने, अगदी पोटच्या लेकरांना जेवू घालावं तसं, ह्या तीन छोट्या बॅटऱ्यांना हे रोज भरून ठेवू लागले. उडवून आणल्या आणल्या, गरम असताना, चार्जिंगला. रात्रभर चार्जिंगला. पंचेचाळीस अंश उन्हाळा, मागच्या पत्र्याच्या खोलीत टेबलावर तिघी ओळीने भरलेल्या.

एक दिवस दुपारी मी शेंगा भाजत होते. आमच्याकडे शेंगा वाळूत भाजतात, गार व्हायला काढलेल्या शेंगा वाळूसकट शेजारच्या डब्यात होत्या. हे त्या पत्र्याच्या खोलीतून म्हणाले, "इकडे ये वं, देख, कशी पुरी भरनी!" मी गेले. एक बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली, आणि ह्यांच्या डाव्या हातात दाभण. गोणी शिवायचं मोठं दाभण. ट्रकच्या बॅटरीत वायू साचला की वरची टोपणं सैल करून तो सोडतात. ह्या बॅटरीला टोपण नाही, मग दाभणाने एक भोक, असा साधा हिशोब. मी "नका!" म्हणून ओरडेपर्यंत टोक आत गेलं होतं.

फुस्स झालं. गोडसर, औषधासारखा वास आला, आणि मग धूर, पांढरा, भराभर. मी स्वयंपाकघरात धावले, वाळूचा डबा उचलला आणि तो सगळा, शेंगांसकट, टेबलावर ओतला. खाली ठिणगी चर्र झाली आणि विझली. टेबलाला तळहाताएवढा काळा डाग पडला. तो अजून आहे. ह्यांना काही झालं नाही, एक भुवई तेवढी जराशी जळली.

भीती वाटली की माझं तोंड सुटतं, हा माझा जुना दोष. मी म्हणाले, "तीस वर्षं काय शिकलात हो दुकानात? एवढीशी बोटभर बॅटरी कळेना तुम्हाला? तुमची अक्कलही विकली का दुकानासोबत?"

ह्यांनी दाभण टेबलावर ठेवलं. उरलेल्या दोन बॅटऱ्या खिडकीत ठेवल्या, हेलिकॉप्टर कपाटावर ठेवलं, आणि जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. मी वाळूतल्या शेंगा वेचत बसले. शेंगा नासल्या होत्या, वास लागला होता, तरी वेचत बसले.

त्यानंतर दहा दिवस ह्यांनी रिमोटला हात लावला नाही. माझ्याशी अबोला नव्हता. जेवण झालं का, भाजी आण, औषध दे, एवढं सगळं बोलायचे. पण ते हसणं गेलं. बाई आल्या, अंगठा हलवून पाहिला आणि मला बाहेर बोलावून म्हणाल्या, काकू, काय झालं? पुन्हा घट्ट झालाय. आता वेळ थोडा आहे हो. त्या गेल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. मला माझीच लाज वाटत होती. झटक्याने ह्यांचा अंगठा नेला, आणि मी एका वाक्यात त्यांचं सगळं आयुष्य घेतलं. बॅटरी ही एकच गोष्ट त्या माणसाला जगात कळत होती, आणि मी तीच त्याच्या तोंडावर फेकली.

जळगावला असलं हौशी सामान विकणाऱ्या एका दुकानदाराचा नंबर मोबाईलवर मिळाला. मी फोन केला, झालं ते सगळं सांगितलं. बिचारा सज्जन निघाला. म्हणाला, मॅडम, ही बॅटरी भरून ठेवायची नसते आणि रिकामीही ठेवायची नसते. ठेवायची तर मध्ये, तीन पॉइंट आठ व्होल्टच्या आसपास. भरायची फक्त उडवायच्या दिवशी. गरम असताना चार्जिंगला लावू नका. फुगली तर भोक पाडू नका, वाळूत ठेवून लांब न्या. मी वहीत लिहून घेतलं. शिकवणाऱ्या बाईला जे स्वतःला समजलं नाही ते दुसऱ्याला शिकवता येत नाही, आणि तीन पॉइंट आठ म्हणजे काय ते मला समजलं नव्हतं. ह्यांना वही वाचून दाखवली असती तर ती त्यांना माझी आणखी एक टोचणी वाटली असती.

त्याच आठवड्यात सावद्याला, माझ्या माहेरी, भावाच्या बागेत केळीची कापणी होती. मी एका दिवसासाठी गेले. हे यायला तयार नव्हते. बागेत सावली होती, गारवा होता. कापणारे घड उतरवत होते आणि भाऊ एकेका घडाला हात लावून बघत होता. एका घडाची केळी गोल, टपोरी भरलेली होती. मी म्हटलं, हा बघ किती छान. तर भाऊ चिडला. म्हणाला, ह्याला उशीर झाला, सोळा आणे भरला. हा दिल्लीला पोचेपर्यंत चिखल होईल. बारा आण्यालाच कापायला पाहिजे होता.

लहानपणापासून ऐकलेली भाषा. आमचे वडील असंच बोलायचे. सोळा आणे म्हणजे पुरं, बारा आणे म्हणजे पाऊण. ज्याला लांब जायचंय, टिकायचंय, ते पुरं भरू द्यायचं नाही. मी तिथे चिखलात उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बाई, एवढंच तर आहे!

भावाकडून केळ्यांची एक हिरवी फणी मागून घेतली. परतताना जळगावला उतरून त्या दुकानातून एक चार्जर घेतला, बॅटरी निम्म्यावर आणून थांबणारा. संध्याकाळी घरी पोचले. हे ओसरीत बसले होते. मी फणी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही बारा आण्याला कापलीय. का?"

"परवासले टिकाले," हे म्हणाले. सावद्याचा जावई, हे सगळं त्यांना माहीत होतं.

"मग ही बॅटरी आठ आण्याला ठेवायची. निम्मी. त्याहून जास्त नाही, कमी नाही. सोळा आणे भरायची ती ज्या दिवशी उडवायची त्याच सकाळी." आणि मग, धीर गोळा करून, "आणि माझं चुकलं. मी बोलले ते फार वाईट बोलले. तुम्हाला जे कळतं ते शंभर जणांना कळत नाही. ही जातच वेगळी आहे, तुमचा काय दोष."

ह्यांनी फणी उचलून उलटसुलट करून पाहिली. मला वाटलं, नाही मिटलं.

"म्हणजे," हे हळूच म्हणाले, "मोठी बॅटरी उपाशी राहीसन मरस. आन हाई खाई-खाईसन मरस."

"हो."

"आठ आना." मान डोलावली. "मंग आदुगर सांगानं ना वं. मी ते तिले खाऊच घाली ऱ्हायंतू."

आणि मग आम्ही दोघं त्या ओसरीत एवढं हसलो की शेजारीण भिंतीवरून डोकावली.

जळालेल्या बॅटरीच्या जागी दुसरी आणली. ह्यांनी प्रत्येकीवर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला. दुकानातही लावायचे, चार्जिंगची तारीख लिहायला. आता त्यावर मार्करने ८ किंवा १६ लिहायचं. पहिला ८ उजव्या हाताने लिहायला ह्यांना पाच मिनिटं लागली. मुंगी शाईत बुडून कागदावर चालावी तसा तो आकडा. मी दुरुस्त केला नाही. शाळेत मी शेकडो पोरांची अक्षरं दुरुस्त केली असतील, त्या दिवशी हात मागे घेतला. रोज उडवून झालं की जुना तुकडा काढायचा, नवा लावायचा, पुन्हा ८. गणपतीपर्यंत तो आकडा कुणालाही वाचता येईल असा झाला होता.

दसऱ्याला आमच्या मुलीने पुण्याहून ड्रोन पाठवला. छोटा, चार पंख्यांचा, खाली कॅमेरा. अडीचशे ग्रॅमच्या आतला, म्हणजे चालवणाऱ्याला परवान्याची कटकट नाही, फक्त धावपट्टी-विमानतळाच्या आसपास फिरकायचं नाही, एवढं तिने बजावलं. मी म्हटलं, हेलिकॉप्टर जमलं, आता हे कशाला नवं खूळ? पण हे एका दिवसात त्याच्या प्रेमात पडले. कारण हेलिकॉप्टरच्या दांड्या सोडल्या की ते कुठेही भरकटतं. ड्रोनच्या दांड्या सोडल्या की तो आहे तिथेच, हवेत, शांत उभा राहतो.

"हेलिकॉप्टर म्हणजे तू," हे म्हणाले. "रागे भरस आन सुटस. हाऊ ड्रोन म्हणजे मी."

"आहा! स्वतःची किती स्तुती," मी म्हटलं.

दिवाळीच्या भाऊबीजेला आम्ही दोघं सावद्याला गेलो. भावाला बाग वरून पाहायची होती. सकाळी हे ड्रोन घेऊन बागेच्या कडेला उभे राहिले. भाऊ मागून म्हणाला, "पाहुणे, पानांत अडकला तर?" दोन बॅटऱ्यांवर १६ लिहिलेलं होतं, सकाळीच भरलेल्या. ड्रोन वर गेला, केळीच्या पानांच्या वर, आणि मोबाईलमध्ये हिरवीगार बाग दिसायला लागली, पार पलीकडच्या नाल्यापर्यंत. भाऊ लहान मुलासारखा "अरे बाप रे, अरे बाप रे" करत होता.

मी मोबाईलकडे बघतच नव्हते. मी ह्यांच्या हाताकडे बघत होते. उजवा अंगठा दांडी पुढे ढकलत होता आणि मधेच तो थरथरायला लागला. मग पेटका आला, अंगठा वळला. मी पुढे होणार तेवढ्यात हे म्हणाले, "थांब." दोन्ही अंगठे काढून घेतले. ड्रोन तिकडे, नाल्यावर, हवेत थांबला. ह्यांनी रिमोट डाव्या हातात धरला आणि उजवी मूठ मिटली, उघडली, मिटली, उघडली, बाईंनी शिकवलं होतं तसं, पाच वेळा. ड्रोन तिकडे वाट बघत होता. मग अंगठा पुन्हा दांडीवर गेला आणि ड्रोन हळूहळू माघारी यायला लागला. बॅटरीत चार आणे उरले की घरी आणायचा, असा आमचा नियम. तो आमच्या पायाशी उतरला तेव्हा पाच आणे शिल्लक होते. भाऊ टाळ्या वाजवायला लागला. मी पदराने डोळे पुसले आणि म्हटलं, धूळ फार उडते बाई.

आता दुसऱ्या सकाळचं सांगते, मग संपलं.

आमच्याकडे जावई सासुरवाडीला आला की त्याने पाट सोडून कुठे हलायचं नाही, असा रिवाज. स्वयंपाकघरात तर जावयाने पाऊल टाकायचंच नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी माझ्या माहेरच्या चुलीचं तोंड पाहिलं नव्हतं. मी ओसरीत गोधडी पांघरून पडले होते, जाग आली ती वहिनीच्या आवाजाने.

"माय वं! पाहुणे, तुम्ही गॅसपाशी? अहो लोक काय म्हणतील!"

मी उठून बसले. आतून भांड्यांचा आवाज, वहिनीचं "द्या मी करते, द्या हो", आणि ह्यांचं एकच "नही". मग हे दारात आले. उजव्या हातात कप. कपाचा कान चिमटीत, अंगठा वरून दाबलेला, दुसरा हात खाली आधाराला धरायला तयार पण लावलेला नाही. हे एकेक पाऊल मोजून टाकत होते. वहिनी मागे तोंडाला पदर लावून उभी. मी उठून पुढे गेले नाही. मला फार उठावंसं वाटलं, पण मी गेले नाही. गोधडीत दोन्ही हात घट्ट धरून बसून राहिले.

हे माझ्यापर्यंत आले आणि कप पुढे केला. कप निम्माच भरलेला होता.

"पुरा भरा ते सांडी जास," म्हणाले. "आठ आना शे. चाली का?"

मी कप घेतला. हे नेहमीसारखे उभे राहिले, मी पिईपर्यंत. परक्या स्वयंपाकघरात ह्यांना साखरेचा डबा सापडला नव्हता. चहात साखर अजिबात नव्हती. मी, तोंडाची फटकळ बाई, तो चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, आणि ही गोष्ट मी त्यांना आजपर्यंत सांगितलेली नाही.